भावजी नसलेला फोटो

कपड्यांवरून माणूस ओळखणारे पुष्कळ भेटतात. पण एका कुटुंबातल्या सात माणसांचे कपडे एकमेकांशी भांडताहेत, एवढ्यावरून ज्याला जेवण जात नाही, असा माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकच होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना नावानं कोणी हाक मारलीच नाही. भावजी म्हटलं की धारगळच्या आमच्या वाड्यावर सगळ्यांना कळायचं. त्यांच्या गमती मी लग्नांत, बारशांत, मुंजींत इतक्या वेळा सांगितल्या आहेत की काही लोक मला बघितल्यावर आधीच हसायला लागतात. मात्र जे सांगायला हवं होतं ते मी इतकी वर्षं टाळत आलो. लोक हसून झाले की मी उठून पाणी प्यायला जायचो. आता पाण्याला उठायचासुद्धा कंटाळा येतो. म्हणून एकदा बसून सगळं लिहितो. हसण्यासारखं आहे ते आधी, कारण त्याशिवाय भावजी कोण होते हे कळणार नाही.

भावजी डिचोलीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना कापड दाखवत होते. दुकान दुसऱ्याचं, पण ऐट मालकाची. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. 'तो काल आलेला सव्वादोन मीटरवाला' असं ते बोलत, आणि सव्वादोन मीटरवाला म्हणजे पंचायतीचे सचिव, हे आम्ही अंदाजानं ओळखायचं. अक्काला बघायला आले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पोहे खाल्ले, चहा प्याला, मुलीकडं दोनदा पाहिलं. आमच्या वडिलांनी घसा साफ करून विचारलं, "मग कसं वाटलं?" भावजी म्हणाले, "मुलगी पसंत आहे. मागचो पडदो तेवढो बदला." वडील गार पडले. अक्का आत जाऊन पोट धरून हसली, आणि हसता हसताच लग्नाला हो म्हणाली. पडदा दुसऱ्या दिवशी बदलला गेला. तो भावजींनीच पाठवला होता.

दिव्याच्या उजेडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "दिव्याखाली रंग खोटां बोलतत," हे त्यांचं ब्रीद. दुकानात बाई साडी बघायला आली की ते साडी खांद्यावर टाकून सरळ रस्त्यावर जात आणि बाईला मागं यावं लागे. एकदा भर बाजारात, सरकारी बसच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी मोरपंखी आणि हिरव्यातला फरक समजावून सांगितला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर त्यालाच विचारलं, "तू सांग, ह्यो रंग मावशीक शोबता काय?" ड्रायव्हर म्हणाला, "शोबता, पण तुमी बाजूक व्हा." बाईनं साडी घेतली. भावजी मात्र आठवडाभर कुरकुरत होते, की ड्रायव्हरनं काचेतून बघून मत दिलं, ते धरायचं कसं! माझ्या कोटाचं एक बटण हरवलं तेव्हा डिचोलीत, म्हापशात, पणजीत तसं मिळेना. हा गृहस्थ तीन बसगाड्या बदलून वास्कोला गेला. बंदरावरच्या लोकांचे जुने कोट विकणारा कोणी तिथं बसतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बटण एकाच कोटाला होतं आणि तो माणूस सुटं बटण देईना. भावजींनी अख्खा कोट घेतला. तो माझ्या कोटापेक्षा चांगला निघाला. तरी बटण तोडून माझ्या कोटाला लावलं आणि तो चांगला कोट बिनबटणाचा कायमचा पेटीत गेला.

पण भावजी खरे फुलायचे ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. त्यांचे वडील लवकर गेले, भाऊ नाही, हळर्णचं मूळ घर कधीच मोडून गेलेलं. डिचोलीच्या दोन खोल्यांत गणपती कुठं बसवणार? आणि अक्काला मूल झालं नाही. त्यामुळं आमच्या घरची चवथ हीच त्यांची चवथ. पाच दिवस दोघं आमच्याकडं राहत. दुसऱ्या दिवशी आरती झाली की माटोळीखाली सगळ्या घराचा एक फोटो काढायचा, हा आमच्याकडचा परिपाठ, आणि त्या फोटोत कोणी काय घालायचं हे ठरवायचा अधिकार भावजींनी कोणी न देता घेतला होता. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली, परसातली फळं, फुलं, वेली बांधतात ती माटोळी. बाकीचे लोक आधी कपडे घेतात आणि मागाहून माटोळी बांधतात. भावजींच्या मते हा शुद्ध अडाणीपणा. "माटोळी आदीं, माणसां मागीर," असं म्हणून ते डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात पहाटे फिरून यायचे, यंदा कवंडळं किती लाल आहेत, हरणाची फुलं आली की नाहीत, सुपारीचे घोस हिरवे आहेत की पिकले, हे डोळ्यांनी बघायचे, आणि मग एकेकाला फोन लावायचे. कोण कोणत्या फळाखाली उभा राहणार हे ठरलेलं असे. त्या फळाचा रंग त्यानं अंगावर घालायचा नाही, एवढाच नियम.

एका वर्षी आमच्या हिनं नियम मोडला. माहेरहून आलेली हिरवी साडी नेसली आणि नेमकी सुपारीच्या घोसाखाली उभी राहिली. फोटो धुऊन आला तेव्हा भावजींनी तो जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला, आणि दुःखानं म्हणाले, "वयनी खंय गेली? सुपारेत विरगळली मगे." ही फणकारली, "माझा चेहरा दिसतोय ना?" "दिसता. पण झाडार टांगल्यासारखो." पुढची दोन वर्षं ही त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि पुढची तीस वर्षं त्यांना विचारल्याशिवाय साडी नेसली नाही.

फोटोच्या दिवशी सकाळपासून ते निखाऱ्याची इस्त्री घेऊन बसत. विजेची इस्त्री त्यांना पटत नसे, ती कापडाला 'घायकुतीला आणते' म्हणे. एकदा अंगात इस्त्रीचा कपडा गेला की फोटो होईपर्यंत बसायचं नाही. आमचे वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना सोप्यावरच्या खांबाला टेकून उभं केलेलं असे. वडील म्हणत, "जावयबापू, पाय दुखतत." भावजी म्हणत, "मामा, पाय फोटोत येवचे नायत. धोतर येवचा आसा." वडील शिव्या द्यायचे, पण उभे राहायचे. त्यांचे शेवटच्या काळातले जेवढे फोटो आमच्याकडं आहेत त्या सगळ्यांत ते ताठ उभे आहेत आणि धोतराला एक चुणी नाही.

आणि भावजी स्वतः? त्यांचा एक बिस्किटी रंगाचा शर्ट होता. तोच दर चवथीला. सगळ्यांना उभं करायचं, फोटो काढणाऱ्याच्या शेजारी जाऊन बघायचं, परत येऊन कोणाचा पदर, कोणाची कॉलर नीट करायची, पुन्हा जाऊन बघायचं, आणि अगदी शेवटच्या क्षणी धावत येऊन डाव्या टोकाला उभं राहायचं. त्यामुळं एकाही फोटोत ते स्थिर नाहीत. एक पाय हवेत, हात लांब झालेला आणि तोंड उघडं. 'पदर!' किंवा 'हात खाली!' असं काहीतरी ओरडताना दर वर्षी टिपले गेलेले.

आता पुढचं सांगतो.

माझा मुलगा निखिल बंगळूरला असतो. त्याची बायको रुचा पुण्याची. मुलगी गुणी आहे, तिला यात दोष देऊ नये असं मी आधीच सांगून ठेवतो. तीन वर्षं कामामुळं त्यांना चवथीला येता आलं नव्हतं. त्या वर्षी येणार म्हणाले आणि रुचानं मोठ्या हौसेनं म्हापशाचा एक फोटोग्राफर ठरवला. नुसता फोटो नव्हे, अर्ध्या दिवसाचं सेशन. सगळ्यांनी पांढरे किंवा सायीच्या रंगाचे कपडे घालायचे, दागिने कमी, मागची गर्दी धूसर. तिनं मोबाईलवर नमुन्याची चित्रं पाठवली. त्यांतली माणसं गवतात बसून कुठंतरी भलतीकडंच बघत हसत होती. ही बातमी भावजींना कळायला दोन तास लागले. त्यांनी अक्काच्या मोबाईलवरून रुचाला फोन लावला आणि चेहरा पडद्यावर दिसायच्या आधीच विचारलं, "चवथीक सगळ्यांक पांढरां? कोण गेलो गो?"

रुचा आधी हसली. पण भावजी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूला फितवलं. चौथ्या दिवशी बंगळूरला कुरियर गेलं. त्यात कापडाचे बारा तुकडे, आणि प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी: 'सासू', 'सून', 'निखिल', 'मास्तर (बसलेले)', 'मास्तर (उभे)'. मास्तर म्हणजे मी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून ते मला मास्तरच म्हणत. 'सून' लिहिलेला तुकडा डाळिंबी होता, आणि त्याला आणखी एक चिठ्ठी होती: 'बाय, हा रंग घातलास तर कोणी तुझ्याकडून नजर काढणार नाही.' रुचानं ते वाचून म्हणे डोळ्यांत पाणी आणलं, पण ते आनंदाचं नव्हतं. घरातलं पहिलं काहीतरी तिनं ठरवलं होतं आणि ते एक म्हातारा माणूस टाचणीनं उसवत होता.

मग निखिलचा फोन आला. "बाबा, आतोबांना तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"यंदा येऊ नका म्हणून. निदान फोटोच्या दिवशी. ते असले की हे होणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"अरे, त्यांची चवथ आहे ती."

"मग आम्ही फोटो बाहेर कुठंतरी काढतो. चवथीला एक दिवस येऊन जातो. रुचाला रोज रोज हे ऐकवत नाही, बाबा. मलाही नाही."

तीन वर्षं मी त्यांच्या खोलीच्या चादरी धुऊन घालत होतो. एक दिवस येऊन जातो म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी म्हटलं, "बघतो." पण भावजींना काय सांगणार? ज्या माणसानं माझ्या बापाला ताठ उभं केलं त्याला, तू येऊ नकोस, हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघणार? दोन दिवस मी फोनकडं बघत बसलो. तिसऱ्या दिवशी फोन त्यांचाच आला.

इथं माझ्या एका छंदाबद्दल सांगायला हवं. पेन्शनीत गेल्यापासून मी आसपासच्या गावांतल्या घराण्यांच्या वंशावळी वहीत लिहून काढत होतो. कोण कोणाचा कितव्या पिढीतला, कुठलं घर कधी वेगळं झालं. त्यामुळं कोणाकडं मृत्यू झाला की लोक मला विचारायला येत, आम्हाला सुतक किती? दहा दिवस, तीन दिवस, की नुसती अंघोळ? सुतक असेल तर त्या माणसानं देवाला शिवायचं नाही आणि गणपती असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही. मी वही उघडून सांगायचो आणि माझा शब्द कोणी पुन्हा तपासून बघत नसे. भटजीसुद्धा म्हणायचे, मास्तरांनी सांगितलं ना, मग झालं.

चवथ चार दिवसांवर होती. भावजी फोनवर म्हणाले, "मास्तर, हळर्णाक आमच्या आडनावाचो एक म्हातारो गेलो म्हणतत. माका म्हायती ना तो कोण तो. माका सुतक लागता काय रे?"

वही समोरच होती. मी पान काढलं. हळर्णला त्या आडनावाची दोन घराणी. नाव एक, कुळ वेगळं, देव वेगळा. भावजींचं घर एका पानावर, गेलेल्या म्हाताऱ्याचं दुसऱ्या. त्यांच्यात रक्ताचा थेंब सामायिक नव्हता. साध्या अंघोळीचीसुद्धा गरज नव्हती. मी दोन्ही पानं नीट बघितली. मग वही मिटली.

"लागता," मी म्हटलं. "धा दिवस."

पलीकडं ते बोटांवर दिवस मोजत असावेत. मग, "धा?"

"होय."

"तुझ्या भयणीक पण?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवऱ्याचं सुतक ते बायकोचं सुतक. माझ्या खोट्यानं अक्काचंही माहेर बंद होणार होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच. तेव्हा तरी मागं फिरायला हवं होतं. मी म्हटलं, "तिकाय लागता."

"बरां," भावजी म्हणाले. आणि मग एकदम घाईघाईनं, "पण मास्तर, कपडे रे! मी शिवून घेतलेत मरे सगळ्यांचे. रुचा नको म्हणता, म्हणून म्हटलां, हाडून दाखवया, हातात घेतले की मन फिरतलां. ते बसमधसून धाडू काय?" पुढं स्वतःच थांबले. "नाय. सुतकातल्या घरातलो कपडो देवाकडं चलना नाय. खरां मां?"

"खरां," मी म्हटलं.

भावजी एवढे काटेकोर होते म्हणून माझं काम किती सोपं झालं, ते बघा.

चवथ झाली. निखिल-रुचा पाच दिवस राहिले. फोटोग्राफर दोन मदतनिसांना घेऊन आला, छत्र्या उभ्या केल्या, आणि आम्ही पांढरे कपडे घालून सोप्यावर रांगेत बसलो. भावजी रोज सकाळी फोन करत होतेच. "माटोळेक काय काय लागलां?" मी वाचून दाखवावं तसं सांगायचो. "मगे तू कवंडळाखाली राव नको. निखिलाक धाड थंय. वयनेक सांग, पदर उजवीकडसून." मी होय होय म्हणत होतो. माटोळीखाली कोणी उभं राहणारच नव्हतं. ती धूसर व्हायची होती.

सेशन चालू असताना शेजारचे आजोबा फाटकातून आत आले. आम्हाला सगळ्यांना पांढऱ्यात बघून त्यांनी चपला अंगणातच काढल्या, टोपी काढली, हात जोडले आणि हलक्या पावलांनी पुढं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधी झालां रे मास्तर?" फोटोग्राफरच्या लोकांना हसू आवरेना. रुचाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आजोबा, कोण गेला नाही, फोटो काढतोय." ते म्हणाले, "देवा! गणपतीच्या घरात?" मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "आनी डिचोलेकार खंय? तो असलो तर असां करूक दिवचो ना."

"सुतकात आहेत," मी म्हटलं.

"खंयच्या सुतकात?"

"हळर्णचा म्हातारा गेला ना."

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना गावोगावची माणसं ठाऊक होती. "तो म्हातारो? त्याचा आनी ह्याचा काय..." तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "अंकल, इकडं बघा, हसा!" मी हसलो. तो फोटो सगळ्यांत चांगला आला. तोच मोठा करून भिंतीवर लावला आहे. कोणी हललेलं नाही. कोणाचं तोंड उघडं नाही. डाव्या टोकाला कोणी नाही.

महिनाभर मला तो फोटो बघवेना. शेवटी एक प्रत पाकिटात घातली आणि डिचोलीला निघालो. सगळं सांगायचं ठरवूनच निघालो होतो. म्हापशाला बस बदलताना वाक्य मनात पक्कं केलं, अस्नोडा गेल्यावर पुन्हा म्हणून बघितलं. छोटंसंच होतं.

अक्कानं चहा आणि उंडे पाव दिले. तिला थोडा थकवा आला होता. मला वाटलं, चवथीला माहेरी आली नाही म्हणून. भावजींनी फोटो घेतला आणि सवयीप्रमाणं जनेलाकडं गेले. मी पाठीमागं उभा राहिलो. आता बोलायचं. ते फोटो लांब धरून, जवळ धरून बघत होते. मी वाट बघत होतो, आता काहीतरी झणझणीत येईल. दूध नासलां म्हणतील, एका ताग्यातली फाडलेली माणसं म्हणतील. तसं काही म्हणाले असते तर मलाही रागाच्या भरात खरं बोलता आलं असतं. पण त्यांनी बोटानं रुचाच्या खांद्यावरची ओढणी दाखवली आणि म्हणाले, "हिणे घडी बरी घातल्या. पोरीक नजर आसा."

मग त्यांनी पेटी उघडली आणि शिवून ठेवलेले कपडे बाहेर काढले. एकेक घडी, वर चिठ्ठी. डाळिंबी साडीवरचा ब्लाउज, निखिलचा निळा कुडता, माझा राखी. "ह्ये घेवन जा," म्हणाले. "सुतक संपून किती दिवस जाले, आता चलता. पुढल्या वर्षी घालतले." आणि मग माझ्याकडं न बघता, घड्या नीट करत, म्हणाले, "मास्तर, तुज्या घरचो फोटो माज्या सुतकान अर्दो रावलो. पोरगी हौसेन येयल्ली, आनी मी तिका कायमाय बोलान ठेवलां. कसला कोणाचा मरण, आनी माका येवकच मेळूक ना. भेटलो असतो तर तिची समजूत काढली असती. तू तिका सांग, आतोबाक माफ कर म्हणान. तूय कर."

मी तोंड उघडलं. अक्का दारात उभी होती, चहाचे पेले हातात धरून. आणि मी म्हणालो, "असू दे, भावजी."

असू दे! ज्याच्याकडं मी माफी मागायला गेलो होतो त्याला मी माफ करून आलो. परतीच्या बसमध्ये कपड्यांची पिशवी मांडीवर होती. पुढच्या बसनं उलटा जातो, असं मी मनाशी म्हणत होतो. म्हापशाला उतरलो, आणि धारगळच्या बसमध्ये चढलो. त्यानंतर फोन किती वेळा हातात घेतला, मोजलं नाही. दर वेळी ते पलीकडून काहीतरी भलतंच विचारायचे, अंगणातला सोनचाफा फुलला काय, निखिलचं पोट सुटलं काय, कारण मापं बदलायला हवीत. आणि मी उत्तर द्यायचो. दिवाळीत सांगीन म्हटलं. शिमग्याला सांगीन म्हटलं. वैशाखात भावजी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांच्यानंतर लोक मला सुतकाचं विचारायला आले की, आता दिसत नाही, भटजींना विचारा, असं मी सांगतो. वही कपाटाच्या खालच्या खणात आहे. अक्का डिचोलीलाच असते. चवथीला तिला आणायला निखिल गाडी घेऊन जातो. ती येते, पाच दिवस राहते, फोटोत उभी राहते. गेल्या वर्षी सहज म्हणाली, "ते एक वर्ष चुकलां नसतां तर बरां झालां असतां. तेच्या आदलीच ह्येंची शेवटची चवथ ठरली." मी उठून पाणी प्यायला गेलो.

हे छापून आलं की पहिली प्रत तिलाच देणार आहे. तिनं नंतर माझ्याशी बोलावं की नाही ते तिनं ठरवावं. आणि तिच्या नवऱ्यासाठी बसमध्ये मी जे पाठ केलं होतं ते इथं लिहितो, कारण दुसरीकडं कुठं पोचवायची सोय राहिली नाही. भावजी, तो म्हातारा तुमचा कोणी नव्हता. तुम्हाला सुतक नव्हतं, अक्कालाही नव्हतं. मला माहीत होतं, वही माझ्या हातात होती. मुलगा येणार नाही या भीतीनं मी तुम्हाला तुमच्याच घरातून बाहेर ठेवलं. चूक माझी होती. मला माफ करा.